चक्रं थांबली तो मोसम

गौरी-गणपती पाण्यात गेले की आमच्या खाडीकडच्या रस्त्याला बीजाच्या गाड्या दिसायला लागतात. बीज म्हणजे कोळंबीची पिल्लं. पापणीच्या केसाएवढी. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं पाणी, वर प्राणवायू भरून पिशवी टम्म फुगवलेली, आणि आत ती हजारोंनी वळवळत असतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हटलं, हा तर नुसता केर आहे. माझ्या सुनेने, वैशालीने, पिशवी उजेडाकडे धरली तेव्हा त्या केराला डोळे दिसले. दोन दोन काळे ठिपके.

यंदाही गाड्या आल्या. धूळ उडाली, कुत्री भुंकली, आणि मला तोच एक मोसम आठवला. माझा मुलगा संदीप गेला तो. घरात मयत आणि तळ्यात अर्धं वाढलेलं पीक, असा तो मोसम होता. आठवतो म्हणजे जिवाला काही होतं असं नाही. जुनं दुखणं बसतं तसं बसलंय. पण डोळ्यांपुढे येतो, आणि आला की पुरा येतो.

ही आमची जमीन खाजणाची. खाडीला बांध घालून आणलेली. सासऱ्यांच्या वेळी तिथे भात व्हायचं. मग एका पावसाळ्यात बांध फुटला. घरोघरचे पुरुष मुंबईला, बांध धरायला हात नाहीत. खारं पाणी आत शिरलं ते शिरलंच. बरीच वर्षं तिथे खेकडे आणि बगळे यांच्याखेरीज काही नव्हतं. संदीप मुंबईची नोकरी सोडून आला आणि म्हणाला, आई, खारं पाणी आलंय तर खाऱ्या पाण्याचंच पीक घेऊ. मी म्हटलं, घे. त्याने तळं खणलं, बांध बांधला, उघाडी बसवली. उघाडी म्हणजे बांधातलं दार. फळ्या लावल्या की पाणी अडतं, काढल्या की ओहोटीबरोबर खाडीत निघून जातं. ते मात्र मला कोणी शिकवायला नको होतं. भाताच्या वेळीही उघाडीच होती.

बाकीचे शब्द नवे होते. वैशाली सरकारी प्रशिक्षणाला जाऊन आली आणि ते घरात आले. माझी शाळा चौथीपर्यंत. नवा शब्द माझ्या तोंडात बसायला वेळ लागतो, पण बसला की उठत नाही.

बीज आणलं की लगेच तळ्यात ओतत नाहीत. पिशवी बंदच ठेवून पाण्यावर तरंगत सोडतात. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की तोंड उघडायचं आणि तळ्यातलं पाणी वाटी-वाटीने आत घालायचं. मग पिल्लं आपली आपण बाहेर पोहत जातात. याला सवय करणं म्हणतात. एकदम टाकली तर झटका बसून मरतात. वैशाली हे मला समजावून सांगत होती तेव्हा माझ्या मनात आलं, ही डोंबिवलीची मुलगी लग्न होऊन इथे आली तेव्हा हिची पिशवी कोणी तरंगत ठेवली नव्हती. गृहप्रवेश झाला आणि दुसऱ्या दिवशी मी तिला विहिरीवर नेलं. मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, मग मी जगले कशी? मी म्हटलं, चिवट निघालीस.

खाद्य कणीसारखं असतं. ते बांधावरून फेकायचं. थोडं एका जाळीच्या ताटात घालून ताट दोरीने तळाशी सोडायचं. त्याला चेक ट्रे म्हणतात. ठरल्या वेळाने वर ओढून बघायचं. ताटात उरलं तर पुढच्या वेळचं कमी करायचं, चाटूनपुसून गेलं तर वाढवायचं. कोळंबी आजारी असली, घाबरली असली, हवा बिघडली असली, तर आधी ताटात कळतं. माझ्या सासरी मी किती जेवले हे कोणी ताट उचलून बघितल्याचं मला आठवत नाही.

अमावास्या-पुनवेला कोळंबी कात टाकते. जुनं कवच सोडते आणि नवं घट्ट होईपर्यंत मऊ असते. तेव्हा ती खात नाही, हलत नाही, तळाशी दडून राहते, कारण त्या वेळी दुसरी कोळंबी तिला खाते. कात टाकल्याशिवाय वाढ नाही. वाढीच्या वेळेलाच जास्त भीती असते, हे मला पटलं.

आणि मरतूक. बीज टाकताना मरतूक धरूनच टाकतात. यातली इतकी मरणार, असं आधीच गृहीत. त्याच्या आत राहिली तर पीक चांगलं म्हणायचं. मला तेव्हा ही रीत बरी वाटली होती. निदान कोणी आकांत करत नाही. नंतर मी त्यावर पुष्कळ विचार केला आणि त्यातून काही निघालं नाही. माणसांच्या घरात मरतूक कोणी धरत नाही, एवढंच.

तळ्यात चक्रं असतात. पाण्यावर तरंगणारी, विजेवर फिरणारी, वल्ह्यांसारखी पाती असलेली. ती पाणी उडवतात आणि पाण्यात हवा मिसळते. कोळंबीला श्वास लागतो, तो पाण्यातूनच घ्यायचा. ऊन असेल तर तळ्यातलं हिरवं पाणी स्वतःच थोडी हवा तयार करतं. आभाळ भरलेलं असलं की ते जमत नाही. मग चक्रं दिवसाही चालू ठेवावी लागतात. पीक मोठं झालं की जास्तच. त्यांचा आवाज ओढ्यावर धुणं धुवावं तसा, सतत. सुरुवातीला मला झोप यायची नाही. मग तो आवाज घराचाच झाला.

त्या वर्षी दसरा होऊन गेला तरी आभाळ उघडलं नव्हतं. संदीप खाद्याची चौकशी करायला मोटारसायकलने गेला होता. हातखंब्याच्या अलीकडे ट्रकने उडवलं. जागेवरच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी आणलं. तोंडाला काही लागलं नव्हतं. मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. कपाळ थंड होतं आणि माझा हातही थंड होता, त्यामुळे मला वेगळं असं काही लागलं नाही. लोक रडत होते. मी त्यांना बसायला चटई दिली, पाणी दिलं. एवढी माणसं आली आहेत तर पाणी पुरेल ना, हे माझ्या डोक्यात चाललं होतं.

आमच्या वाडीत कोणी गेलं की मयत उचलेपर्यंत आणि माणसं आंघोळ करून परत येईपर्यंत सगळं बंद ठेवतात. चूल नाही, नांगर नाही, गिरणी नाही, रेडिओ-टीव्ही नाही. गेलेल्याचा मान म्हणून. पूर्वीपासून आहे. त्यात वाईट काही नाही.

पुरुष त्याला घेऊन गेले. आम्ही बायका पडवीत बसलो. वैशाली भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर आमची नात झोपलेली. दुपार कलत होती, पण उजेड सकाळइतकाच मळकट होता. रडणं ओसरलं होतं. मग वैशालीने मान वर केली.

"आई, चक्रं बंद आहेत."

मी कान दिला. आवाज नव्हता. कधीपासून नव्हता कोण जाणे. इतकी रडारड चालली होती की कोणालाच कळलं नाही.

शेजारची एकजण हळू आवाजात म्हणाली, असू दे ग, महादू भावोजींनी सकाळीच बंद केली, घरात मयत आणि तिथे खळाखळा आवाज, बरं दिसत नव्हतं.

महादू भावोजी म्हणजे माझ्या गेलेल्या नवऱ्याचे चुलतभाऊ. वाडीतला मोठा माणूस. संदीपला त्यांनी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवलेली. सकाळी तिरडी बांधायच्या आधी ते तळ्यावर गेले, पंपाच्या खोपटात शिरून बटणं बंद केली आणि येऊन कामाला लागले. गिरणी बंद ठेवतात तशी त्यांनी चक्रं बंद ठेवली.

वैशालीने नात बाजूला निजवली आणि ती उठली. एकीने तिचा हात धरला, म्हणाली, कुठे चाललीस, आज तुला उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हटलं, सोड तिला. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा म्हटलं, सोड. मुलगा तिकडे जळत होता, त्याचं कोणाला काही करता येणार नव्हतं. तळ्याचं करता येण्यासारखं होतं. मला त्या वेळी एवढंच कळत होतं.

ती अनवाणी धावली. मी मागून गेले. बांधावर चढल्यावर मला वाटलं पाऊस पडतोय. तळ्यावर सगळीकडे थेंब पडल्यासारखं हलत होतं. पाऊस नव्हता. कोळंबी वर आली होती. लाखोंनी, कडेकडेला, मिशा पाण्याबाहेर काढून. एरवी ती तळाशी असते, दिसतसुद्धा नाही. काही उड्या मारून बांधावर पडली होती. वारा लोटतो त्या कोपऱ्यात पांढरी पडलेली, उताणी, थराने साचली होती.

वैशालीने एकेक करत चक्रं चालू केली. खोपटातल्या डब्यातून पाण्यात प्राणवायू सोडणारे दाणे काढून बादलीने फेकत ती बांधावरून फिरायला लागली. एका बाजूचं चक्र गवत अडकून बसलं होतं. ती साडीसकट पाण्यात उतरली, छातीएवढ्या पाण्यात, आणि गवत ओढून काढलं. मी बादल्या भरून देत होते.  तिने मला एकदाच सांगितलं, आई, पायाखाली बघा, निसरडं आहे.

तेवढ्यात पुरुष परत आले. आंघोळ केलेले, ओल्या टॉवेलांत. स्मशानातून येणारी वाट तळ्यावरूनच जाते. त्यांनी बघितलं की ज्याला आत्ता अग्नी दिला त्याची बायको केस सुटलेली, चिखलाने भरलेली, बादली घेऊन बांधावर धावते आहे. सगळे थांबले. महादू भावोजी पुढे होते. त्यांनी चक्रांकडे बघितलं, कोपऱ्यातल्या पांढऱ्या थराकडे बघितलं. त्यांना समजलं असावं. ते खाली बघून चालू लागले, मागून बाकीचे गेले.

मेलेली कोळंबी तळ्यात ठेवत नाहीत. खड्डा खणून वर चुना टाकून पुरतात. दुसऱ्या दिवशी खड्डा महादू भावोजींनी खणला. कोणी सांगितलं नव्हतं. खणला, पुरलं, घमेलं धुवून ठेवलं आणि गेले. आधी ते रोज आमच्या पडवीत चहा प्यायला यायचे. त्यानंतर रोज बांधावर यायचे, शेवाळ ओढायचे, बांध चेपायचे, पण पडवी चढले नाहीत. मी हाक मारली तर नाय, कामं हायत, म्हणायचे.

वाडीत मात्र बोलणं सुरू झालं, आणि ते त्यांच्याबद्दल नव्हतं. नवरा सरणावर आणि ही कोळंबीच्या मागे. मुंबईच्या मुली अशाच. प्रत्येकीने दुसरीचं नाव पुढे करून मला सांगितलं. दहा दिवस तळ्याला हात लावू नका, सुतक आहे, असंही सुचवून बघितलं. मी म्हटलं, कोळंबीला कुठलं सुतक? ते दिवस खाद्य मी टाकलं. वैशाली खिडकीतून सांगायची, आई, आज निम्मं टाका, आई, ताट ओढून बघितलंत का. ताटात खाद्य तसंच असायचं. कोळंबी घाबरली होती, खात नव्हती. आमच्या घरातही शिजवलेलं उरायचंच.

तेराव्याला वैशालीचा भाऊ नितीन आला. चांगला मुलगा. त्याने माझ्यासमोरच विषय काढला, मागे काही बोलला नाही. म्हणाला, ताई, तू आणि छोटी चला आता, शाळा तिकडे बघू, इथे राहून हे लोकांचं ऐकून घेणार का? वैशाली म्हणाली, पीक निघू दे. तो म्हणाला, पीक निघालं की मी गाडी घेऊन येतो. ती म्हणाली, ये.

म्हणजे ती माझ्याकडे पीक निघेपर्यंत होती. नंतर मी एकटी, तळं कोणाला तरी भाड्याने, नाहीतर पुन्हा खेकडे आणि बगळे.  थांब म्हणायचा मला हक्क होता की नव्हता, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. ज्याच्यासाठी ती इथे आली तो माणूसच राहिला नव्हता.

नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आभाळ उघडलं. थंडी पडली. चक्रांचा आवाज होता. अमावास्येला कोळंबीने कात टाकली, पाण्यावर पातळ काचेसारखी कवचं तरंगली, आणि वैशाली म्हणाली, वाढायला लागली. फेकजाळं टाकून ती थोडी काढायची आणि काटा घेऊन काउंट बघायची. काउंट म्हणजे किलोत किती बसतात ते. आकडा जितका लहान तितकी कोळंबी मोठी. दर वेळी आकडा खाली यायचा. पीक सुधारत होतं. मला दोन्ही गोष्टी एकदम कळत होत्या. पीक सुधारतंय, आणि दिवस संपत आलेत. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. मी भात शिजवत होते, भांडी घासत होते. वैशाली आणि मी एका घरात राहणाऱ्या दोन भाडेकरणींसारख्या होतो. कोणी कोणाला त्रास दिला नाही.

पीक काढायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी नितीन गाडी घेऊन आला. वैशालीच्या बॅगा भरून तयार होत्या, त्याने त्या गाडीत ठेवल्या.

सकाळी ओहोटीची वेळ धरून माणसं जमली. व्यापाऱ्याचा टेम्पो, बर्फ, क्रेट, जाळं धरायला वाडीतले पुरुष, आणि बघायला बायका. उघाडी उघडायच्या आधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायची आमची पद्धत आहे. जागेच्या राखणदाराला सांगायचं की बाबा, असं असं करतोय, सांभाळून घे. गाऱ्हाणं घरचा पुरुष घालतो. तो थांबेल तिथे बाकीच्यांनी व्हय महाराजा म्हणायचं. नाही म्हणायची किंवा गप्प राहायची पद्धत नाही. देवासमोर सांगितलेलं खोटं ठरवल्यासारखं होतं. आधीची गाऱ्हाणी संदीपने घातली होती. त्याला ती धड यायची नाहीत, मध्येच हसायचा.

आता कोण घालणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. महादू भावोजी पुढे आले. टोपी काढली, केळीच्या पानावर नारळ ठेवला.

"बा देवा महाराजा, खाजणाच्या राखणदारा. दरसाल हितं संदीप उभा ऱ्हायचा. आज त्याची बायको उभी हाय. तिचा नारळ मानून घे रे महाराजा."

"व्हय महाराजा," माणसं म्हणाली.

मला वाटलं झालं. पण ते उठले नाहीत. नारळावर हात तसाच ठेवून, वर न बघता बोलायला लागले.

"त्याच्या मयतीच्या दिवशी चक्रं मी बंद केली. मान राखाया गेलो आनि जित्राबं मारली. ही पोर धावली म्हनून आज हे पीक हाय. तिला जे बोलले ते चुकले. मी गप ऱ्हायलो, मी पन चुकलो. काय खोट असंल ती माझ्याकडं लाव, हिच्याकडं लावू नको रे महाराजा."

ते थांबले. कोणी बोलेना. टेम्पोवाला बर्फ फोडत होता तोही थांबला. पद्धत सगळ्यांना माहीत होती. आधी एकदोघांनी तोंड उघडलं, मग सगळ्यांनी.

"व्हय महाराजा."

बांधावर बायका उभ्या होत्या. गाऱ्हाण्याला बायका बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांच्यातूनही एकदोन आवाज आले. मयतीच्या दिवशी जिने वैशालीचा हात धरला होता तिचा आवाज मी ओळखला.

भावोजींनी नारळ फोडला आणि वैशालीला म्हणाले, "पोरी, वरची फळी तू काढ."

तिने पदर खोचला, फळी काढली. पाणी सुटलं आणि जाळ्यात कोळंबी यायला लागली. नंतर सगळे कामात गेले, आवाज, चिखल, बर्फ, काटा. महादू भावोजी जाळ्याच्या तोंडाशी कंबरभर पाण्यात उभे होते. पीक बेताचं निघालं. पुष्कळ त्या दुपारी गेलंच होतं. पण निघालं.

टेम्पो गेला तेव्हा नितीन गाडीजवळ उभा होता. छोटी आत जाऊन बसलीसुद्धा होती. वैशाली क्रेट धुत होती, गुडघ्यापर्यंत चिखल. मी तिच्याजवळ गेले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

मी म्हटलं, "माझ्यासाठी थांबू नको. मला माझं जेवण करता येतं आणि वेळ आली की मरताही येईल. तळ्यासाठी थांबायचं असेल तर सांग."

तिने क्रेट उलटा घातला.

"तुमच्यासाठी कोण थांबतंय, आई? तळ सुकवायचाय, चुना मारायचाय. तो काय तुम्ही मारणार?"

नितीनने ऐकलं.  मग डिकी उघडून बॅगा काढल्या आणि पडवीत नेऊन ठेवल्या. छोटीला उचलून खाली ठेवलं. बहिणीला एवढंच म्हणाला, फोन उचलत जा. मी त्याला बर्फात घालून कोळंबी दिली. तो गेला.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर वैशाली रिकाम्या तळ्यात उतरली. चक्रं चिखलात आडवी पडली होती, ती सरळ करायला म्हणून. मधोमध जाऊन थांबली. मग एका चक्राला धरून ती रडायला लागली. मोठ्याने. मी बांधावर होते. खाली गेले नाही. दोघीतिघी घागरी घेऊन त्या वाटेने येत होत्या. मी वाटेच्या मधोमध बसले आणि त्यांना म्हटलं, आज वरच्या वाटेने जा, इथे काम चाललंय.